पुन्हा सरकलेली घोडी

आर्चटॉप गिटारची, म्हणजे फुगीर पोटाच्या गिटारची, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) पोटाला चिकटवलेली नसते, ती केवळ तारांच्या दाबाने जागेवर राहते, हे एकदा सांगितले की कळायला हवे. परंतु आमच्या जळगावच्या घरी ते दरवर्षी नव्याने सांगावे लागते. यंदा अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी आली आणि धूळ पुसण्याच्या उदात्त हेतूने भाच्याने सहाही तारा एकदम सोडल्या. तारा एकेक करूनच बदलायच्या असतात, हे मी गेल्या अखाजीलाही सांगितले होते. त्याने घोडीची जागा दाखवणाऱ्या, कडेच्या कागदी चिकटपट्टीच्या खुणाही पुसल्या (स्वच्छतेची एवढी आवड अभ्यासाच्या टेबलावर कधी दिसत नाही).

आता बाराव्या फ्रेटवरचा (मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीवरचा) हार्मोनिक, म्हणजे तारेला नुसते बोट टेकवून काढलेला स्वर, आणि तिथेच दाबलेला स्वर ताडून पाहायचा, दाबलेला चढा निघाला तर घोडी शेपटाकडे, उतरलेला निघाला तर मानेकडे केसभर सरकवायची, आणि हे सारे जमेपर्यंत तारा चढवताना घोडीचा माथा खुंट्यांकडे झुकलेला असतो, म्हणून तारा सैल करून तिला पुन्हा सरळ करायचे. जाड तार जुळली की बारीक तार बिघडते. भाचा मात्र शेजारी बसून विचारतो, “मामा, ही चिकटवून का टाकत नाही?”