सलामी पोचवणारा पोऱ्या आणि गुलाबी जर्सी

दर मे महिन्यात जिरो द'इतालिया ही इटलीतली मोठी सायकल शर्यत सुरू झाली की आमच्या सायकलवेड्या मित्रमंडळात एक ठरावीक मजकूर फिरू लागतो. इटलीतल्या अमुक गावाने शर्यतीपासून स्फूर्ती घेऊन तमुक पदार्थ निर्माण केला, असा त्याचा सूर असतो आणि सोबत वाफाळत्या बशीचा एक सुरेख फोटो असतो. मी नोकरीनिमित्त तीन वर्षे मिलानमध्ये काढली, रविवारी सायकल घेऊन आसपासचे डोंगर पालथे घातले आणि त्या गावांमध्ये पोटभर जेवलो. त्यामुळे या मजकुराशी माझे जुने भांडण आहे आणि या वर्षी ते सविस्तर मांडायचे मी ठरवले आहे.

शर्यतीच्या पोटी पदार्थ जन्मल्याचे खरे उदाहरण हवे असेल तर ते फ्रान्समध्ये सापडते. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची जी शर्यत १८९१ साली सुरू झाली, तिच्या सन्मानार्थ लुई द्युरां नावाच्या मिठाईवाल्याने १९१० साली सायकलच्या चाकासारखे गोल, वर बदामाचे काप लावलेले आणि आत क्रीम भरलेले एक पक्वान्न बनवले. ते आजही 'पॅरिस-ब्रेस्ट' याच नावाने विकले जाते. इटलीतला क्रम मात्र उलटा आहे. तिथे पदार्थ आधीपासून होता, तो घरोघर पोचवायला सायकल आली आणि त्या सायकलवरून शर्यतवीर आला.

माझा हा दावा अतिशयोक्त वाटत असेल तर फाउस्तो कोप्पी या नामवंत इटालियन शर्यतवीराच्या लहानपणाकडे पाहावे. पिडमाँटच्या दक्षिण टोकाला, तोर्तोनाच्या डोंगरांत कास्तेल्लानिया नावाचे एक चिमुकले खेडे आहे. तिथल्या शेतकरी कुटुंबात १९१९ साली कोप्पी जन्मला. शाळेत त्याचे मन रमले नाही, म्हणून कोवळ्या वयातच त्याला सुमारे वीस किलोमीटरवरच्या नोवी लिगुरे या गावात एका सलामीच्या दुकानात पोऱ्या म्हणून ठेवण्यात आले. (आपल्याकडे सलामी म्हटले की तोफा आठवतात, परंतु ही सलामी म्हणजे मीठ, मिरी, लसूण आणि वाइन लावलेले डुकराचे मांस आतड्यात भरून महिनोन्महिने वाळवलेला प्रकार.) घरून दुकानात यायचे, पुड्या घेऊन गावभर आणि आसपासच्या टेकड्यांवर गिऱ्हाइकांकडे पोचवायच्या आणि संध्याकाळी पुन्हा चढ चढून घरी जायचे, हा त्याचा दिनक्रम होता. पुण्यात पहाटे सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकावून दूध घालणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच नोवी लिगुरेत बियाजो काव्हान्ना नावाचा एक मालिशवाला राहत असे. त्याची दृष्टी गेलेली होती, पण हाताने चाचपून तो पायांची जात ओळखत असे. त्याने या पोऱ्याला घडवले. कोप्पीने आपली पहिली जिरो १९४० साली, वयाच्या विसाव्या वर्षी जिंकली. पुढे १० जून १९४९ रोजी कुनेओ ते पिनेरोलो या २५४ किलोमीटरच्या टप्प्यात तो पहिल्याच मोठ्या चढावर सगळ्यांना मागे टाकून निघाला आणि उरलेले १९२ किलोमीटर, एकामागून एक पाच घाट, त्याने एकट्याने कापले. दुसरा आलेला जिनो बार्ताली जवळजवळ बारा मिनिटांनी पोचला. रेडिओवर मारिओ फेर्रेत्ती याने त्या दिवशी 'एक माणूस एकटा आघाडीवर आहे' असे म्हटले आणि ते वाक्य इटालियन भाषेत म्हणीसारखे रुजले. आज कुनेओला जाणारा पर्यटक रम भरलेली चॉकलेटे घेऊन येतो आणि कोणीतरी त्याला त्या चॉकलेटांचा संबंध कोप्पीशी जोडून सांगते. प्रत्यक्षात ती चॉकलेटे १९२० च्या दशकातली आहेत, म्हणजे त्या टप्प्याच्या कितीतरी आधीची. माझ्या मते त्या पराक्रमाचे काही देणे असेलच तर ते नोवीच्या सलामीला लागते. कोप्पीच्या जन्मशताब्दीला, २०१९ साली, कास्तेल्लानियाने आपल्या नावापुढे अधिकृतपणे 'कोप्पी' जोडले. दुकानाच्या वाट्याला असे काही आले नाही.

दुसरे उदाहरण चेझेनातिकोचे आहे. एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या या गावात मार्को पांतानी वाढला. ज्या वर्षी त्याने जिरो आणि तूर द फ्रान्स या दोन्ही शर्यती जिंकल्या, त्या १९९८ पासून लोक तिथे यात्रेला जावे तसे जातात आणि पियादिना खातात. पियादिना म्हणजे मैदा, डुकराची चरबी, मीठ आणि पाणी एवढ्यावर भागणारी, तव्यावर भाजलेली बिनखमिराची पोळी. तिच्यात स्क्वाक्वेरोने नावाचे ओघळणारे ताजे चीज आणि एक कडसर पालेभाजी घालून ती दुमडून हातात देतात. रिमिनीकडे ती पातळ आणि मोठी करतात, वर चेझेना आणि रावेन्नाच्या बाजूला जाड आणि लहान, आणि दोन्ही बाजूंचे लोक दुसरीला पोळी मानायलाच तयार नसतात. पांतानीची आई याच गावात पियादिनाची टपरी चालवत असे. डोंगरात सगळ्या जगाला दमवणारा हा मुलगा तव्यावरच्या पोळीच्या वासात वाढलेला होता. शर्यतीने पियादिना निर्माण केली असे म्हणणे म्हणजे सचिनच्या शतकांमुळे वडापाव जन्माला आला असे म्हणण्यासारखे आहे.

आल्फोन्सिना स्त्रादा हिचाही इथे उल्लेख करायला हवा. १९२४ साली पैशांच्या वादातून मोठ्या संघांनी जिरोकडे पाठ फिरवली, तेव्हा आयोजक वृत्तपत्राने स्वतंत्र स्पर्धकांना बोलावले आणि त्यांच्या राहण्याजेवणाचा भार उचलला. त्या स्पर्धकांमध्ये ही एकमेव बाई होती. वाटेत तिचे हँडल मोडले, तेव्हा तिने झाडूचा दांडा बांधून टप्पा पुरा केला. वेळेच्या मर्यादेबाहेर गेल्यावरही ती मिलानपर्यंत सायकल चालवत राहिली. तिचा जन्म कास्तेलफ्रांको एमिलियाच्या परिसरात झाला, आणि हेच गाव स्वतःला तोर्तेल्लिनीचे जन्मस्थान म्हणवते. एका खाणावळवाल्याने किल्लीच्या भोकातून एका सुंदरीची बेंबी पाहिली आणि तिच्या आकाराची पास्ता वळली, अशी तिथली आख्यायिका आहे. गावाला आपली ओळख ठरवताना झाडूच्या दांड्यावर जिरो पुरी करणारी बाई आणि बेंबी असे दोन पर्याय होते. गावाने बेंबी निवडली, हे मला आजतागायत मान्य झालेले नाही.

आता डोंगरांकडे वळू, कारण हा गैरसमज सर्वांत घट्ट तिथेच बसला आहे. स्विस सीमेलगतच्या वाल्तेल्लिना खोऱ्यात स्तेल्विओचा घाट आहे, उंची २७५८ मीटर. प्रातोच्या बाजूने चढताना ४८ वळणे लागतात आणि प्रत्येक वळणावर क्रमांकाचा दगड आहे. जिरो इथून पहिल्यांदा १९५३ साली गेली आणि त्या चढावर कोप्पीने ह्यूगो कोब्लेट या स्विस प्रतिस्पर्ध्याकडून आघाडीवीराची गुलाबी जर्सी हिसकावली. मात्र घाट त्याआधी सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे. ऑस्ट्रियन साम्राज्याने लोंबार्डीचा ताबा पक्का ठेवण्यासाठी १८२० ते १८२५ या काळात अभियंता कार्लो दोनेगानी याच्याकडून तो बांधून घेतला. म्हणजे तिथला रस्तासुद्धा शर्यतीचा नाही, मग बशीतला पदार्थ कुठून असणार?

तो पदार्थ म्हणजे पिट्सोक्केरी. थंडी लवकर पडते आणि उन्हाळा तोकडा असतो, अशा उंच उतारांवर गव्हाचा भरवसा नसे, म्हणून लोक कुट्टू पेरत. कुट्टूच्या पिठात थोडे गव्हाचे पीठ मिसळून राखाडी रंगाच्या जाडसर पट्ट्या कापायच्या, बटाटा आणि कोबीबरोबर एकाच पातेल्यात उकडायच्या, मग कासेरा चीजच्या थरांवर थर देऊन वरून लसूण आणि सेज या सुगंधी झुडपाची पाने टाकून तडतडवलेले लोणी ओतायचे. ही फोडणी बशीवर पडते तेव्हा जो चर्र आवाज होतो, तो ऐकून मी पहिल्यांदा तेल्यो गावी चमचा हातात घेऊन नुसता बसून राहिलो होतो. जेवल्यानंतर मात्र सायकलवर बसवेना. याच कारणाने कोणताही शर्यतवीर टप्प्याच्या दिवशी दुपारी हे खात नसणार, हे जेवलेल्या कोणालाही सांगता येईल. हे लाकूड तोडून आणि गवत कापून आलेल्या माणसाचे रात्रीचे जेवण आहे.

त्या जेवणाभोवती आज जो रम्यपणा गुंडाळला जातो, त्यावरही माझा आक्षेप आहे. उत्तर इटलीतला पोलेंता, म्हणजे तांब्याच्या भांड्यात लाकडी दांड्याने पाऊण तास घोटलेले मक्याचे पीठ, आज शर्यतीच्या मार्गावरच्या प्रत्येक हॉटेलात 'सायकलस्वारांचा पारंपरिक आहार' म्हणून मिळतो. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत लोंबार्डी आणि व्हेनेतोतल्या गरीब शेतमजुरांना याखेरीज फारसे काही मिळतच नसे आणि नुसत्या मक्यावर जगल्यामुळे त्यांना पेलाग्रा हा रोग होई. आधी कातडी सोलत असे आणि शेवटी माणसाला भ्रम होत असे. पहिली जिरो १९०९ साली जिंकणारा लुइजी गान्ना हा याच मुलुखातला गवंडी होता आणि कामावर सायकलने जात असे. जिंकल्यावर कसे वाटते, असे विचारल्यावर 'बूड फार जळजळते' असे त्याने आपल्या बोलीत सांगितले, आणि मला ते आजवरच्या सगळ्या विजयी भाषणांपेक्षा प्रामाणिक वाटते.

माझा स्वतःचा जीव मात्र कोमो सरोवराच्या काठावर गुंतला आहे. बेलाज्जोहून गिझाल्लोच्या माऊलीच्या देवळापर्यंत सुमारे साडेआठ किलोमीटरचा चढ आहे. पोप बारावे पायस यांनी १९४९ साली या माऊलीला सायकलस्वारांची संरक्षक म्हणून जाहीर केले. देवळात भिंतीभर जर्सी आणि सायकली टांगलेल्या आहेत. तूरमध्ये १९९५ साली उतारावर पडून मरण पावलेल्या फाबिओ कासार्तेल्ली या याच भागातल्या मुलाची मोडकी सायकलही तिथेच आहे आणि तिच्यापुढे कोणी मोठ्याने बोलत नाही. ऑक्टोबरमध्ये लोंबार्दिया शर्यत इथून जाते तेव्हा देवळाची घंटा वाजते.

पहिल्यांदा हा चढ चढून, खाली उतरून मी सरोवराकाठच्या एका खाणावळीत गेलो आणि दारातच थबकलो, कारण आतून थेट आमच्या मालवणच्या मावशीच्या पडवीतला वास येत होता. तो वास मिस्सोल्तिनीचा होता. सरोवरातले आगोनी नावाचे मासे साफ करून मिठात मुरवतात, दोरीला ओवून उन्हावाऱ्यात वाळवतात, मग तमालपत्राचे थर देऊन डब्यात दाबून ठेवतात. तेल सुटते आणि मासा तांबूस होतो. खाताना तो निखाऱ्यावर शेकतात, वरून व्हिनेगर शिंपडतात आणि सोबत भाजलेल्या पोलेंताची वडी देतात. मी मालकीणबाईंना खुणांनी आणि मोडक्या इटालियनमध्ये सांगितले की आमच्याकडेही सुका बांगडा असाच भाजतात. त्यांनी माझ्या हेल्मेटकडे पाहिले आणि म्हणाल्या की इतके दिवस सायकलवाले हा वास आला की बाहेर जाऊन सँडविच मागतात. त्या वर्षीच्या शर्यतीच्या दिवशी गुलाबी साखर लावलेले केक खिडकीत मांडा, असा आग्रह त्यांना कोणीतरी केला होता आणि त्यांनी तो साफ धुडकावला होता.

हा गुलाबीपणा मला खरोखर खटकतो. शर्यतीच्या आयोजक वृत्तपत्राचा कागद गुलाबी, म्हणून १९३१ पासून आघाडीवरच्या स्पर्धकाची जर्सी गुलाबी, इथपर्यंत ते शोभून दिसते. टप्पा आपल्या गावी यावा म्हणून नगरपालिका पैसे मोजतात आणि मग कारंजी, कमानी, आइस्क्रीम, पाव, सगळे काही एका दिवसापुरते गुलाबी होते. शर्यतीने स्फुरलेले पदार्थ हेच काय ते, आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्यात जातात.

तरीही एका ठिकाणी मला माझा हट्ट सोडावा लागला. तोस्कानातल्या गायोले इन कियांती या गावी जियानकार्लो ब्रोच्ची यांनी १९९७ साली 'एरोइका' ही जुन्या सायकलींची दौड सुरू केली. तिथले पांढऱ्या मातीचे जुने रस्ते डांबराखाली जाऊ नयेत हा त्यामागचा हेतू होता. सायकल १९८७ पूर्वीच्या धाटणीची हवी, जर्सी लोकरीची हवी. याच रस्त्यांवर २००७ पासून व्यावसायिकांची स्त्रादे बियांके ही शर्यत धावते आणि सिएनाच्या शंखाकृती चौकात संपते. एरोइकाच्या थांब्यांवर मात्र पुडीतली ऊर्जा-जेली मिळत नाही. तिथे रिबोल्लिता मिळते: शिळा पाव, पांढरा घेवडा आणि काळपट पानांचा कोबी एकत्र शिजवून, दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळलेला घट्ट रस्सा. नावाचा अर्थच 'पुन्हा उकळलेली'. हा पदार्थ जन्मला गरिबीतच, पण तो शर्यतीच्या मध्यावर, धुळीने पांढऱ्या झालेल्या माणसाच्या हातात देण्याची कल्पना शर्यतीची आहे, हे मी कबूल करतो.

मी तिथे नुसता बघ्या म्हणून गेलो होतो. सत्तरी उलटलेले एक गृहस्थ पोलादी सायकल भिंतीला टेकवून रांगेत आले, वाटी संपवली, पावाच्या तुकड्याने पुसून घेतली आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. दुसरी वाटी झाल्यावर त्यांनी समोरच्या चढाकडे एकदा पाहिले, पेडलमध्ये अडकणारे बूट काढून हँडलला अडकवले आणि मोज्यांवरच सायकल ढकलत वर चालू लागले.