कंपनी गेली म्हणजे कारखाना गेला असं नाही

कंपन्या बाहेर पडण्यावरच्या या लेखात 'कंपनी बाहेर पडली' आणि 'कारखाना बंद पडला' हे एकच धरलंय. तिथेच गल्लत होते. पुण्याजवळच्या तळेगावचं उदाहरण घ्या. जनरल मोटर्स या अमेरिकी वाहन कंपनीने तिथला प्रकल्प 2008 मध्ये सुरू केला. 2017 मध्ये भारतातली विक्री थांबवली, गुजरातमधला हालोलचा कारखाना चिनी सैक कंपनीकडे गेला, पण तळेगावातून निर्यातीसाठी गाड्या 2020 अखेरपर्यंत निघत होत्या. म्हणजे बाजारातून एक्झिट आधी, उत्पादनातून तीन वर्षांनी. पुढे ग्रेट वॉल या चिनी वाहन कंपनीचा तळेगावचा कारखाना घेण्याचा सौदा चिनी गुंतवणुकीच्या नव्या नियमांत अडकून बारगळला आणि 2023 मध्ये ह्युंदाईने तो घ्यायचा करार केला.

आकडेवारीत याला जुनी कंपनी बाहेर, दुसरीची वाढ म्हणतील. छान. पण ह्युंदाईने घेतली ती जमीन, इमारती आणि काही यंत्रं. जुने कामगार त्यात नव्हते, ते कोर्टात भांडत राहिले. शेड आणि प्रेस लाइनला (पत्र्याचे भाग दाबून घडवणाऱ्या यंत्रांच्या रांगेला) नवा मालक मिळतो, चाळिशीतल्या फिटरला मिळेलच असं नाही. आणि चाकण-तळेगाव पट्ट्यातले छोटे व्हेंडर, म्हणजे सुटे भाग पुरवणारे? एकाच गिऱ्हाइकावर विसंबलेला आधी मरतो, त्याची बातमीही होत नाही. लेखकाने पुढच्या भागात यांच्यावर लिहावं.