रद्द करणं रद्द करायचं का?

बुधवारी रात्री कराडहून आप्पांचा फोन आला. शनिवारी पहाटेच्या बसनं ते पुण्याला यायचे होते, पण गल्लीत कुणाची तरी वास्तुशांत निघाली. तिकीट रद्द करायचं होतं.

"चौकट आलीय. 'तुम्हाला नक्की रद्द करायचे आहे का?' खाली दोन बटणं. एकावर 'रद्द करा', दुसऱ्यावर 'ठीक आहे'. कुठलं दाबू?"

ॲपमधल्या बटणांवरची अक्षरं लिहिणं हाच माझा धंदा. पगार त्याचाच मिळतो. तरी मला डोळे मिटून विचार करावा लागला.

"आप्पा, रद्द करायचं असेल तर 'रद्द करा' दाबू नका. त्यानं रद्द करणं रद्द होतं."

पलीकडे बराच वेळ शांतता. आप्पांनी चौतीस वर्षं शाळेत मराठी व्याकरण शिकवलंय.

"'रद्द करणे' सकर्मक आहे," ते म्हणाले. "कर्म कुठाय? काय रद्द करा? आणि 'ठीक आहे'ला तर कर्ताही नाही. काय ठीक आहे? इथं काहीच ठीक नाही."

मग जुनं गाऱ्हाणंही निघालं. नोंदणी करताना त्यांनी नंबरापुढे शून्य लावला, तर लाल अक्षरांत आलं, 'अवैध मोबाईल क्रमांक'. "अवैध दारू ऐकलीय. अवैध वाळू उपसा रोज पेपरात असतो. माझा नंबर कधी पकडला गेला?" 'पुढचा शून्य काढा, फक्त दहा आकडे लिहा' एवढं म्हणायला कुणाच्या बापाचं काय जात होतं? (हे बाप म्हणून तेच म्हणाले.)

त्यांना जरा गार करावं म्हणून मी ॲपलच्या लिसा संगणकाची गोष्ट सांगितली. तो १९८३ मध्ये बाजारात आला. तयार होत असताना त्याच्या चौकटीत 'डू इट' असं बटण होतं. दोन शब्दांतलं अंतर कमी, त्यात इंग्रजी मोठा आय आणि धाकटा एल दिसायला सारखेच. चाचणीला बसलेल्या एकानं ते 'डोल्ट' वाचलं. डोल्ट म्हणजे मठ्ठ. गडी भडकला, मी काय मठ्ठ आहे का? मग तिथं 'ओके' आलं.

"म्हणजे एकाला मठ्ठ वाटू नये म्हणून सगळ्यांना मठ्ठ करून ठेवलं," असं म्हणून आप्पांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमचं किराण्याचं ॲप उघडून पाहिलं. तीच चौकट, तीच बटणं. मराठी कुणी केलं म्हणून नोंद काढली, तर माझंच नाव. चहा आणणाऱ्या काकांना फोन दाखवून विचारलं, काय दाबाल? ते म्हणाले, "असलं काही आलं की मी फोन बंद करून पुन्हा चालू करतो."

मी नवी बटणं लिहिली: 'ऑर्डर रद्द करा' आणि 'ऑर्डर राहू द्या'. काकांनी एका नजरेत बरोबर सांगितलं. पण ऑफिस म्हणजे काका नव्हेत. डिझाइनवाली म्हणाली, मावत नाही. मॅनेजर म्हणाले, लोकांना सवय झालीय. (लोकांना खड्ड्यांचीही झालीय.) शेवटी बटण रुंद झालं, पण त्याची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाची, त्यामुळे खालचा उकार कापला जाऊन 'ऑर्डर राह द्या' दिसू लागलं. प्रोग्रामर म्हणाला, "थोडंसंच तर कापलंय." उकार म्हणजे नख आहे का? त्या एका दीर्घ उकारासाठी मी शुक्रवारी संध्याकाळी सातपर्यंत भांडलो आणि मिळवला.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात पिशवी घेऊन आप्पा.

"तुम्ही तिकीट रद्द केलं होतं ना?"

"तू सांगितलंस तसं 'ठीक आहे' दाबलं. मग आलं, 'आपली विनंती स्वीकारली आहे.' कुठली विनंती, ते लिहिलंच नव्हतं. आणि काल रात्री मेसेज, गाडी सव्वापाचला सुटेल. पैसे भरलेले, सीट खिडकीची. आलो."

"आणि वास्तुशांत?"

"तिथं जाणं रद्द केलं," आप्पा चपला काढत म्हणाले. "तोंडी सांगितलं. त्यांना लगेच कळलं."