हॅपी अवर की हरिपाठ? 'एक सातारकर' यांना उत्तर

'एक सातारकर', नमस्कार.

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा चहा घेत वाचली, तेव्हा जरा कमी आला. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी आमच्या ज्येष्ठ निवासातल्या शुक्रवारच्या बैठकीबद्दल लिहिलं होतं आणि गमतीने तिला 'आमचा हॅपी अवर' म्हटलं होतं. त्यावर आपण लिहिलंत: "अमेरिकेची नक्कल करून म्हाताऱ्यांना दारू पाजणार का? दिवेलागणीची वेळ हरिपाठाची. हे पैसेवाल्यांचे चोचले, मुलं सांभाळत नाहीत म्हणून सुचलेले. माझी आई 84 वर्षांची आहे, रोज संध्याकाळी खिडकीशी शांत बसते. तिला असलं काही लागत नाही."

आधी दारूचं, कारण आपला सगळा जोर तिथे आहे. शुक्रवारी आमच्याकडे कोकम सरबत असतं, ताक असतं, आलं-लिंबू घातलेला सोडा असतो. आणि चहा. चहाशिवाय सांगलीत चार माणसं बसत नाहीत. एक निवृत्त सुभेदार पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले होते, "बाई, नुसतं ताकच का?" त्यांच्या खोलीत ते काय घेतात हा त्यांचा आणि त्यांच्या डॉक्टरांचा प्रश्न. बैठकीत मात्र नको असं ठरलं, आणि त्याचं कारण संस्कृतीपेक्षा खुब्याचं हाड हे होतं. वय वाढतं तसं अंगातलं पाणी कमी होत जातं, त्यामुळे चाळिशीत सोसलेला पेग पंच्याहत्तरीत जास्त चढतो. त्यात आमच्यातले बरेच जण बीपीच्या, शुगरच्या नाहीतर झोपेच्या गोळ्यांवर. शुगरच्या काही गोळ्या आणि दारू एकत्र आली की साखर झपकन खाली येते. मग बाथरूमच्या उंबऱ्यावर पाय अडखळायला किती वेळ लागतो? जागतिक आरोग्य संघटनेने तर 2023 मध्ये सांगूनच टाकलं की दारूचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही. सुभेदारांना मी हे ऐकवलं. त्यांनी ताक घेतलं, चेहरा पाडून.

पण 'हॅपी अवर' या शब्दाला आपण उगाच बाटली बांधलीत. हा शब्द अमेरिकेच्या नौदलातला. 1913 च्या सुमारास 'आर्कान्सॉ' नावाच्या युद्धनौकेवर खलाशांच्या करमणुकीच्या वेळेला हे नाव पडलं. त्यात मुष्टियुद्ध, कुस्ती, गाणी, सिनेमा असलं सगळं असायचं. पुढच्याच वर्षी, 1 जुलै 1914 पासून, त्यांच्या नौदलाने जहाजांवर दारूबंदी केली. हॅपी अवर तरीही चालू राहिला. स्वस्त दारूची वेळ हा अर्थ नंतर हॉटेलवाल्यांनी चिकटवला. (समुद्राच्या मधोमध कुस्तीचा आखाडा! हे वाचल्यापासून मला तो शब्द आपल्याच भागातला वाटायला लागलाय.)

नक्कल मी केली, हे मात्र कबूल. 2019 मध्ये लेकीकडे न्यू जर्सीला गेले होते, तेव्हा तिच्या शेजारणीच्या आईला भेटायला तिथल्या एका ज्येष्ठ वसाहतीत गेलो. दुपारचे साडेतीन वाजले होते, कारण त्यांचं रात्रीचं जेवण पाचला. एक आजोबा पियानो वाजवत होते. वाईन होती, पण निम्म्या ग्लासांत जिंजर एल, म्हणजे आल्याचा बिनदारूचा सोडा, आणि कोणाला वाईन द्यायची नाही याची यादी घेऊन नर्स उभी. माझ्या लक्षात राहिली ती एक व्हीलचेअरवरची बाई. मांडीवर ट्रे ठेवून ती टेबलाटेबलाला फिरत होती. मला म्हणाली, तुला काय देऊ? एरवी तिचं सगळं दुसरे करत असणार, अंघोळीपासून. त्या तासात ती यजमानीण होती.

सांगलीला परत आल्यावर मला आमच्या इथलं खटकायला लागलं. आमच्यासाठी सगळे येतात हो. तपासणी शिबिर येतं, व्याख्याते येतात, भजनी मंडळ येतं, शाळेची मुलं येऊन केक कापतात. आम्ही रांगेत बसून टाळ्या वाजवतो. शेजारी बसलेल्या माणसाचं माहेर कुठलं, हे तीन वर्षांत कळत नाही.

हरिपाठ बंद केला असं आपल्याला का वाटलं कोण जाणे. तो रोज सातला होतो, मीही असते. तिथे सगळ्यांची तोंडं देवाकडे असतात. शुक्रवारी ती एकमेकांकडे असावीत एवढंच. वेळही साडेचारची ठेवलीय, दिवे लागायच्या आत सगळे खोलीत. तिथे आपलं नि आमचं एकमत आहे, फक्त आमचं कारण मोतीबिंदू.

आमचाही पहिला शुक्रवार फसला, तेही सांगते. सवयीने माइक लावला, गोल खुर्च्या मांडल्या, एका वक्त्यांना बोलावलं. सहा जण झोपले. मग सुधारत गेलो. एका टेबलाला चारच माणसं, कारण कानातलं यंत्र सगळेच आवाज मोठे करतं आणि पंधरा जणांच्या घोळक्यात यंत्रवाल्याला नुसता कल्ला ऐकू येतो. मागे गाणी नाहीत. खुर्च्या हातांच्या, उठताना आधाराला. भडंगातले शेंगदाणे भरडून घालायचे, कवळ्यांसाठी. आणि दर आठवड्याला एक टेबल यजमान: वाढणं त्यांनीच, हात थरथरले तरी.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. आमच्यात एक आजोबा आहेत, हळदीच्या व्यापारात आयुष्य गेलेले. वर्षभर 'हो', 'नको' आणि 'लाईट घालवा' यापलीकडे मी त्यांचं बोलणं ऐकलं नव्हतं. त्या शुक्रवारी त्यांच्याकडे सरबताचा जग होता. खाली किती उरलंय ते बघायला त्यांनी तो तिरका केला, आत डोकावले आणि म्हणाले, "पेवासारखं झालंय." समोरच्या बाईंनी विचारलं, पेव म्हणजे? त्या मुंबईच्या. झालं. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांचं सगळं सुरू झालं: जमिनीत खणलेली, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मोठं, आत वर्षानुवर्षं हळद. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा. कंदील विझला तर वर थांबायचं. हे सांगताना त्यांनी पंच्याचं टोक धरून टेबलाखाली हळूहळू सोडलं आणि चौघंही टेबलाखाली वाकून बघायला लागले. मग 2005 च्या पुरात पेवांत पाणी कसं शिरलं ते सांगताना थांबले. सुभेदारांनी त्यांचा ग्लास भरला. व्याख्यानात हे कोणी विचारलं असतं?

पैशाचं म्हणाल तर माणशी 40 रुपये, आठवड्याला. चोचले म्हणायचे तर म्हणा.

मुलांचं मात्र जपून बोलू या. आमच्यातल्या काहींना मुलांनी खरंच टाकलंय, काही हौसेने आलेत, माझ्यासारख्या काही जणींना लेकीच्या घरी पाहुणी म्हणून राहायचं नव्हतं. 2007 च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाहभत्ता मागता येतो, महिन्याला 10,000 रुपयांपर्यंतची मर्यादा त्यात घातलेली. आमच्या मजल्यावर एका बाईंना तो नियमित मिळतो. त्या शुक्रवारी सगळ्यांत आधी येऊन बसतात.

आता आपल्या आईंबद्दल. खिडकीतून अजिंक्यतारा दिसत असेल तर बसण्यासारखी जागा आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्यांना असलं काही लागत नाही, हे त्या म्हणाल्या की आपण? आईच्या वतीने मीही बरंच ठरवायचे, म्हणून विचारते.

एकदा करून बघा. त्यांच्या ओळखीतल्या दोघीतिघींना दुपारी साडेचारला घरी बोलवा. रिक्षा आपण पाठवा, जिना असेल तर न्यायला जा. कंदी पेढे नकोत, शुगर असेल एखादीला. टीव्ही बंद ठेवा. चहा आईंना ओतू दे. सांडला तर पुसायला धावू नका, आणि तासभर त्या खोलीत थांबूही नका.