‘समाजसेविका आली तर दार उघडू नका’: हा मेसेज पाळाल तर नुकसान तुमचंच

पालकांच्या आणि वस्त्यांमधल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून फिरत असतो. मूल बाल कल्याण समितीसमोर (काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) गेलं तर काय करायचं, याचा तो सल्ला. थोडक्यात असा: समाजसेविका घरी आली तर दार उघडू नका, कशावरही सही करू नका, सही केली की मूल दत्तक गेलंच, गरिबाचं मूल समिती परत देत नाही, समाजसेवकांच्या नादी न लागता वकील गाठा, आणि मुलाचा फोटो व्हायरल करा, म्हणजे दबाव येतो.

यामागची भीती आम्हाला समजते. रोजंदारी बुडवून चार वेळा तारखेला जायचं आणि दर वेळी ‘अहवाल आला नाही’ ऐकून परतायचं, हे अनेक पालकांच्या वाट्याला येतं. सल्ला मात्र जवळजवळ प्रत्येक ओळीत उलटा आहे.

सगळ्यात मोठा घोळ ‘समाजसेवक’ या शब्दाखाली सगळ्यांना एकाच माळेत ओवल्यामुळे होतो. तुमच्या घरी येणारी माणसं दोन प्रकारची असतात. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), जिल्हा बाल संरक्षण कक्षातले किंवा बालगृहातले समाजसेवक समितीच्या आदेशाने येतात आणि अहवाल समितीला देतात. कधी समिती हे काम एखाद्या संस्थेकडेही सोपवते. दुसरे कुटुंबाच्या बाजूने काम करतात: संस्थेचे केस वर्कर, विधी सेवा प्राधिकरणाचे (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) पॅरालीगल व्हॉलंटिअर, म्हणजे कायद्याच्या कामात मदत करणारे स्वयंसेवक. ते कागद गोळा करायला, अर्ज लिहायला, तारखेला सोबत यायला मदत करतात. त्यामुळे दारात पहिला प्रश्न हाच विचारा: तुम्हाला कोणी पाठवलं आणि अहवाल कोणाला जाणार? ओळखपत्र आणि आदेश दाखवा म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चौकशीसाठी किंवा मूल सोडवण्यासाठी पैसे मागणारा माणूस यातला कोणीच नव्हे.

एक गोष्ट मात्र आधीच लक्षात ठेवा. वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याचं जे संरक्षण असतं, ते समाजसेवकाशी झालेल्या बोलण्याला नसतं, तो तुमच्या बाजूचा असला तरी. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन कोणी देत असेल, तर ते त्याला पाळता येणार नाही.

आता ‘दार उघडू नका’बद्दल. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ३६ प्रमाणे सामाजिक तपास १५ दिवसांत पूर्ण व्हायचा असतो, म्हणजे मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून ४ महिन्यांत समितीला अंतिम आदेश देता येतो. दार बंद राहिलं म्हणून हे घड्याळ थांबत नाही. अहवालात एवढंच येतं की घर बंद होतं किंवा पालकांनी सहकार्य केलं नाही. मग शेजारी काय म्हणाले, शाळेने काय सांगितलं, यावर तुमचं चित्र तयार होतं. घर किती मोठं आहे यापेक्षा पाहणी वेगळ्याच गोष्टींची असते. मूल झोपतं कुठे, त्या जागी आणखी कोण झोपतं, शाळा सुटल्यापासून पालक कामावरून येईपर्यंत मुलावर कोणाचं लक्ष असतं, दाराला कडी आहे का, लसीकरणाचं कार्ड आहे का, शाळेत हजेरी किती, घरात दारू किंवा मारहाण आहे का. ‘आमचं सगळं ठीक आहे’ या उत्तराने अहवालातला रकाना भरत नाही. ‘दुपारी दोन ते सात मावशी येते, तिचा हा नंबर, ती बोलायला तयार आहे’ याने भरतो. असं उत्तर लेखी अर्जात लिहून समितीकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

प्रकरणं खरोखर अडतात ती कागदांवर, आणि मेसेजमध्ये याबद्दल चकार शब्द नाही. आधारवर गावचा पत्ता, राहणं भाड्याच्या खोलीत. मग तपास गावच्या जिल्ह्याला जातो आणि तिथे त्या नावाचं कोणी सापडत नाही. आईचं नाव आधारवर माहेरचं, मुलाच्या जन्मदाखल्यावर सासरचं. मग ‘हीच आई कशावरून’ असा प्रश्न उभा राहतो. यावर उपाय साधे आहेत, फक्त ते पहिल्या आठवड्यात करायचे. सध्याच्या पत्त्यासाठी भाडेकरार किंवा वीजबिल आणि घरमालकाचं पत्र, नावांतल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र, शाळेचं बोनाफाईड आणि मुलासोबतचे जुने फोटो. मूल कल्याण स्टेशनवर सापडलं आणि घर नांदेडला असेल, तर तिथली समिती नांदेडच्या बाल संरक्षण कक्षाकडे गृहचौकशी मागवते. अशी पत्रं टेबलावर पडून राहतात. पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख विचारून घ्या आणि नातेवाईकाला तो नंबर देऊन नांदेडच्या कक्षात पाठवा. एवढ्याने आठवडे वाचतात. तारखेला निघण्याआधी समिती बसणार आहे का, हेही फोन करून विचारा. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. अंतिम निकालासाठी किमान तीन जण हजर लागतात. दोघेच आले तर अंतिम आदेश होत नाही.

‘सही केली की मूल दत्तक गेलं’ हे सरसकट खरं नाही, पण न वाचता सही करू नका हे शंभर टक्के खरं. समितीपुढे पालक बहुतेक वेळा जबाबावर किंवा हमीपत्रावर सही करतात: मुलाला शाळेत पाठवू, बोलावलं की हजर करू, असं. मुलाचा ताबा कायमचा सोडण्याचा कागद वेगळा, त्याला सगळे सरेंडर डीड म्हणतात. तो घरात किंवा दवाखान्यात उरकायचा नसतो, समितीसमोरच करायचा असतो आणि त्याआधी समुपदेशन व्हायला हवं. त्यानंतरही कलम ३५ प्रमाणे फेरविचाराला २ महिने मिळतात. सापडलेल्या, कोणीच पुढे न आलेल्या मुलाबाबत दत्तकासाठी मुक्त घोषित करण्याआधी आई-वडिलांचा शोध घ्यावा लागतो. त्याची मुदत दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी २ महिने, मोठ्यासाठी ४ महिने. इथेच मेसेजचा सल्ला सगळ्यात घातक ठरतो. समोर न येणं, सही न करणं, गप्प राहणं यातून फाइलवर ‘पालक सापडले नाहीत’ एवढंच उरतं. सोडून दिल्याचा गुन्हा लागेल या धास्तीने जे लपतात, त्यांनी कलम ७५ मधलं परंतुक, म्हणजे त्या कलमातला अपवाद, कोणाकडून तरी वाचून घ्यावं: हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे जन्मदात्यांनी मूल सोडलं असेल, तर तो हेतुपुरस्सर त्याग मानला जात नाही आणि ती शिक्षा लागू होत नाही.

गरिबीच्या मुद्द्यात तथ्य आहे. घर नसलेलं, भीक मागणारं, रस्त्यावर राहणारं किंवा कामाला लावलेलं मूल कायद्याच्या व्याख्येतच ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं’ ठरतं. म्हणजे समितीच्या दारात गरिबाघरचीच मुलं जास्त येणार, हे व्याख्येतच आहे. पण परत न देण्यासाठी गरिबी हे एकटं कारण पुरत नाही. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे त्याच कायद्यातलं तत्त्व आहे आणि कलम ३७ मध्ये देखरेखीसह किंवा देखरेखीविना पालकांकडे परत देण्याचा, तसंच प्रायोजकत्वाचा, म्हणजे मुलाच्या खर्चासाठी दरमहा आर्थिक मदतीचा, आदेश करता येतो. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेत प्रायोजकत्वाचे दरमहा ४००० रुपये आहेत. उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,०००, इतरत्र ९६,०००. राज्याची बालसंगोपन योजना वेगळी, दरमहा २२५० रुपयांची. विधवा, परित्यक्ता, गंभीर आजारी पालक यांनी समितीपुढेच लेखी मागणी करावी. कुटुंबाच्या बाजूच्या समाजसेवकाचा खरा उपयोग इथे होतो, कारण उत्पन्नाचा दाखला, बँक खातं आणि शाळेचा दाखला वेळेत नसले की मंजुरी लांबते.

जाता जाता: ‘मूल रिमांड होमला टाकलं’ असं लोक सर्रास म्हणतात. रिमांड होम म्हणजे निरीक्षणगृह, ते कायद्याशी संघर्ष झालेल्या, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी. समितीकडची मुलं बालगृहात किंवा सहा वर्षांखालची असतील तर शिशुगृहात जातात. काही ठिकाणी दोन्ही एकाच आवारात आहेत, म्हणून घोळ होतो.

वकील हवाच, पण कधी ते ओळखून. समितीचं कामकाज खटल्यासारखं चालत नाही. तिथे मुलाच्या रोजच्या व्यवस्थेचा पुरावा लागतो आणि तो वकिलाच्या युक्तिवादातून तयार होत नाही. नवरा-बायकोत ताब्याचा वाद असेल, पॉक्सोची केस असेल किंवा समितीच्या आदेशाविरुद्ध अपील करायचं असेल, तर वकिलाशिवाय जाऊ नका. अपील बाल न्यायालयात, ३० दिवसांत. पालनपोषण (मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं, म्हणजे फॉस्टर केअर) आणि प्रायोजकत्वाच्या निर्णयांवरचं जिल्हाधिकाऱ्यांकडे. आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज टाका, नाहीतर प्रत मिळेपर्यंत निम्मी मुदत निघून जाते. फीची चिंता असेल तर महिला आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

राहिला फोटो. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा मुलाचं नाव, फोटो, शाळा, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय ती पोस्ट उद्या तुमच्याच फाइलमध्ये लागते, पालकाला मुलाचं हित कळत नाही याचा पुरावा म्हणून. समितीच्या कारभाराबद्दल तक्रार असेल तर तिची जागा जिल्हाधिकारी कार्यालय आहे, कलम २७ प्रमाणे तक्रार निवारणाचा अधिकार त्यांच्याकडे आहे. अर्जात तारखा, समितीचा प्रकरण क्रमांक आणि काय प्रलंबित आहे ते लिहा, मागच्या पोचांच्या प्रती जोडा आणि या अर्जाचीही पोच घ्या.