"कोर्टात जाऊ" म्हणण्याआधी

डोंगरावर पोकलेन चढला की व्हॉट्सअ‍ॅपवर चोवीस तासांत ग्रुप तयार होतो. फोटो येतात, संताप येतो आणि कोणीतरी लिहितं, "आता कोर्टातच जाऊ." अशा ग्रुपवर मी एकच प्रश्न विचारते आणि त्यामुळे थोडी अप्रियही आहे. पर्यावरण मंजुरी कोणत्या तारखेला मिळाली? मग ग्रुप शांत. तारीख कोणालाच माहीत नसते.

ही तारीख म्हणजे अर्धा खटला असतो. पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा, म्हणजे हरित लवादाचा, कायदा २०१० सालचा. त्याच्या कलम १६ प्रमाणे मंजुरीविरुद्ध अपील ३० दिवसांत करायचं. उशिराचं सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत मुभा मिळू शकते. त्यानंतर तुमची बाजू कितीही खरी असली तरी हरित लवादाला त्या अपिलाचा उशीर माफ करण्याचा अधिकारच नाही. आणि हे दिवस पोकलेन दिसल्यापासून मोजत नाहीत. मंजुरी 'कळवली' गेली तेव्हापासून मोजतात. पर्यावरण मंत्रालयाच्या वेबसाइटवर पत्र टाकलं की कळवलं. कंपनीने दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, की कळवलं. ती जाहिरात तुम्ही पाहिली असेल, म्हणजे पाहूनही वाचली नसेल. 'नावात बदल' आणि जमीन खरेदीच्या जाहीर नोटिसांच्या शेजारी, बारीक टायपातली चौकट.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे पर्यावरणाचे कायदे निकालाच्या दिवशी क्वचितच हरतात. ते हरतात त्याच्या कितीतरी आधी, जिथे कॅमेरा नसतो आणि आपणही नसतो.

जनसुनावणीचंच घ्या, म्हणजे मंजुरीआधी प्रकल्पाबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायची जाहीर सभा. १४ सप्टेंबर २००६ ची ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचना आणि तिचं परिशिष्ट चार हे माझ्या मते आपल्याकडचं सर्वांत दुर्लक्षित लोकशाही कागदपत्र आहे. सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी. मूल्यांकनाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी. संपूर्ण कामकाजाचं चित्रीकरण. आणि मला सर्वांत आवडणारी तरतूद: सुनावणी संपताना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रतिनिधीने इतिवृत्ताचा गोषवारा तिथेच, जमलेल्या लोकांना, त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा आणि त्यावर त्याच दिवशी सही व्हायची.

प्रत्यक्षात काय होतं? मांडव. पुढच्या खुर्च्यांवर सकाळी गाडीतून आणलेली माणसं. स्टेजवर पाण्याच्या बाटल्या. सल्लागार कंपनीचा माणूस इंग्रजी स्लाइड मराठीत भराभर वाचतो, "धूळ नियंत्रणासाठी पाणी मारण्यात येईल" इथपर्यंत. मग माइक खाली येतो. आमच्या बाजूचा पहिला वक्ता वीस मिनिटं भांडवलशाहीवर बोलतो. दुसरा पुढाऱ्याचं नाव घेऊन शिव्या देतो. नंतर घोषणा, गोंधळ, सभात्याग. बाहेर टीव्हीच्या माइकसमोर "आम्ही सुनावणी उधळून लावली" असं सांगून मंडळी घरी. आत गोषवारा वाचायची वेळ येते तेव्हा ऐकायला उरतात ती पुढच्या खुर्च्यांवरची माणसं.

सुनावणीवर बहिष्कार टाकणाऱ्यांचा राग मला कळतो. पण कायदा काय म्हणतो ते बघा. जनसुनावणीला गणसंख्येची अटच नाही. पाच माणसं आली तरी सुनावणी झाली. आणि उधळली तर? स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणी मत मांडता येण्याजोगी सुनावणी घेणं शक्य नाही, असा अहवाल गेला, तर सुनावणी न घेताच पुढे जायची तरतूद त्याच अधिसूचनेत आहे. म्हणजे जे आपण आंदोलनाचं यश म्हणून फेसबुकवर टाकतो, ते समोरच्याच्या सोयीचं ठरू शकतं.

त्यापेक्षा गावातल्या एका बाईने उठून सांगावं, "तुमच्या अहवालात ओढा कोरडा लिहिलाय, आमची शेतं मार्चपर्यंत त्यावर भिजतात, हे इतिवृत्तात लिहा," आणि शेवटी गोषवारा वाचताना ते आलंय का हे ऐकायला थांबावं. तेच लेखी देऊन आवक शिक्का मारलेली पोच घ्यावी. लेखी हरकत तर सुनावणीला न जाताही देता येते. ही एक ओळ पुढे वकिलाला जे देते, ते शंभर घोषणा देत नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ सालचा 'उत्कर्ष मंडल' निकाल यासाठी वाचावा. प्रकरण गोव्यातल्या खाणीचं. सुनावणीत लोकांनी घेतलेल्या हरकतींचा मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीने खरोखर विचार केला पाहिजे आणि कारणं दिली पाहिजेत, असं न्यायालयाने बजावलं. हरकत नोंदलेलीच नसती तर समितीला जाब कशावर विचारणार होते?

ओडिशातल्या नियमगिरीची गोष्ट आपण डोंगराला देव मानणाऱ्या डोंगरिया कोंधांची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण तिचं हाड कागदाचं आहे. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने वनहक्क कायद्याच्या आधारे प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला आणि जिल्हा न्यायाधीश दर्जाचा निरीक्षक नेमायला सांगितलं. बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं, न्यायिक अधिकाऱ्यासमोर, ठराव करून. २०१६ मध्ये ओडिशाच्या खाण महामंडळाने पुन्हा सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा तो अर्ज फेटाळला गेला. अशा नोंदीतून पळवाट काढणं सोपं नसतं.

आता दुसरी बाजू, जिथे आपण आणखी झोपलेलो असतो. कायदा बदलायचा तर संसदेत चर्चा होते, निदान बातमी तरी होते. अधिसूचनेचा मसुदा काढला तर हरकती मागवाव्या लागतात. २०२० मध्ये ईआयएचा नवा मसुदा आला, त्यात सुनावणीच्या नोटिशीची मुदत ३० वरून २० दिवसांवर आणायचं घाटत होतं. तो फक्त हिंदी-इंग्रजीत होता. ३० जूनला दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत आणा म्हटलं आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. लाखो हरकती गेल्या. तो मसुदा अंतिम झाला नाही. आम्ही एकमेकांचं अभिनंदन केलं.

पण त्या मसुद्यातला एक मोठा मुद्दा होता, आधी बांधा आणि मागाहून मंजुरी घ्या. तो ७ जुलै २०२१ ला ऑफिस मेमोरँडम, म्हणजे मंत्रालयाचं कार्यालयीन पत्रक, म्हणून मागच्या दाराने आलाच. मेमोरँडमवर हरकती मागवत नाहीत. ते वेबसाइटवर पीडीएफ म्हणून येऊन पडतं. याआधी १४ मार्च २०१७ च्या अधिसूचनेने अशा उल्लंघन करणाऱ्यांना सहा महिन्यांची संधी दिली होती, ती एकदाचीच म्हणून.

वनशक्ती संस्था हे सगळं घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली. १६ मे २०२५ ला न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी २०१७ ची अधिसूचना आणि २०२१ चं मेमोरँडम दोन्ही रद्द केली. कार्योत्तर मंजुरी ही कल्पनाच पर्यावरण कायद्याच्या विरोधात आहे, असं स्पष्ट सांगितलं. आणि १८ नोव्हेंबर २०२५ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. सुमारे २० हजार कोटींचे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील, हे एक कारण. भुयान यांनी वेगळं, विरोधी मत लिहिलं. प्रकरण नव्याने ऐकायला गेलं.

मला बहुमताचा निर्णय पटला नाही. बांधून झालंय म्हणून पाडता येत नाही, हा युक्तिवाद एकदा मान्य केला की परवानगीआधी लवकरात लवकर बांधून टाकणं हाच शहाणपणाचा सल्ला ठरतो. मंजुरीची प्रक्रिया 'आधी' यासाठी आहे की नंतर अभ्यास करायला पाणथळ जागाच शिल्लक नसते.

कोर्ट म्हणजे सगळं, असं मी म्हणत नाही. राजस्थानातल्या बिछरी गावात रासायनिक कारखान्यांनी विहिरींचं पाणी नासवलं. 'प्रदूषण करणारा भरपाई देईल' हे तत्त्व लावणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९६ चा. कंपनीने अर्जांवर अर्ज करून पैसे टाळले ते २०११ पर्यंत, तेव्हा न्यायालयाने वैतागून चक्रवाढ व्याज लावलं. आणि गोव्यातल्या मोपा विमानतळाचं तर आपल्या दाराशीच आहे. आसपासची राखीव जंगलं आणि संवेदनशील भाग यांची माहिती अर्जात नीट दिली नाही म्हणून २९ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी स्थगित केली, काय सुंदर निकाल आहे तो! पण जानेवारी २०२० मध्ये वाढीव अटींसह स्थगिती उठली. आता तिथून विमानं उडतात. त्या अटी पाळल्या जातात का, हे दर सहा महिन्यांनी प्रकल्पाने सादर करायच्या अनुपालन अहवालात दिसायला हवं. तो मागवून वाचणारे लोक किती, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारत असते.

खाली कमेंटमध्ये "तुम्ही विकासविरोधी" असं येणार, त्यांच्यासाठी: वर सांगितलेली एकही मागणी प्रकल्प बंद करा अशी नाही. नोटीस वेळेवर द्या, माहिती खरी द्या, हरकतीला उत्तर द्या, एवढंच कायदा मागतो. ज्या प्रकल्पाला हे जड जातं, त्याची शंका यावी की नाही?

आणि ज्यांच्या भागात आत्ता एखादी नोटीस लागली आहे, त्यांच्यासाठी: सुनावणीचं इतिवृत्त ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कार्यालय आणि प्रदूषण मंडळ इथे लावणं बंधनकारक आहे. लावलं नसेल तर त्याचाही तारखेसह फोटो काढा. परिवेश या पर्यावरण मंजुऱ्यांच्या सरकारी पोर्टलवर प्रस्तावाचा क्रमांक टाकून दर आठवड्याला बघत जा. हरित लवादात वकिलाशिवायही उभं राहता येतं, आणि नुकसानभरपाई मागितली नसेल तर अर्जाची फी एक हजार रुपये आहे. मंजुरीचं पत्र दिसलं की आधी त्यावरची तारीख लिहून ठेवा, ग्रुप नंतर काढा.