खणखणलं म्हणजे खरं?

जुन्या नाण्यांची पारख शिकवणारा एक निरोप सध्या खूप फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चुंबकाला चिकटलं तर नाणं खोटं, फरशीवर खणखणलं तर खरं, मुलामा उडून आत तांबं दिसलं तर भामट्याचं काम, आणि खोटं निघालं तर फेकून द्या, त्याला काडीची किंमत नाही. शेवटचा सल्ला वाचून राहवलं नाही, म्हणून हे लिहितोय.

चुंबकाचं आधी उरकू. जुनी खोटी नाणी बहुतेक शिसं, कथील, तांबं, पितळ यांची असत आणि यातलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. उलट युरोची १, २ आणि ५ सेंटची नाणी किंवा अमेरिकेचा १९४३चा पोलादी सेंट अस्सल असूनही चिकटतात. चांदीचं म्हणून दिलेलं नाणं चिकटलं तर शंका घ्या, त्यापलीकडे ही कसोटी जात नाही.

आवाजाचंही तसंच. शिशाचं नाणं बद्द वाजतं हे खरं, पण बारीक चीर गेलेलं चांदीचं नाणंही बद्दच वाजतं. आणि पितळेवर ठशाने पाडलेलं खोटं नाणं चांगलं खणखणतं. शिवाय आपटून जुन्या नाण्याची कड कायमची दबते. नुसत्या वजनावरही जाऊ नका. शिसं चांदीपेक्षा जड, कथील हलकं. दोन्ही बेताने मिसळली की काटा फसतो. त्यापेक्षा भिंग घ्या. साच्यात ओतलेल्या नाण्याची अक्षरं बोथट असतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रं असतात, कडेवर जोडाची रेघ किंवा ती कानशीने घासल्याच्या खुणा सापडतात. मग चित्र आणि मजकूर ताडून पाहा. अमेरिकेत फ्रान्सिस हेनिंगने १९४४ साल घालून पाच सेंटची खोटी नाणी पाडली. युद्धकाळातल्या खऱ्या नाण्यावर इमारतीच्या घुमटावर टांकसाळीचं मोठं अक्षर असतं. त्याच्या नाण्यावर ते नाही. ही चूक डोळ्यांनीच सापडते.

मुलाम्याचा मुद्दा इतका सरळ नाही. इसवीसनपूर्व ४०६च्या सुमारास, युद्धात चांदीची टंचाई झाल्यावर, अथेन्सच्या राज्यानेच तांब्यावर चांदी चढवलेली नाणी चलनात आणली. तिथे भामटा कुणाला म्हणायचं?

आता ‘काडीची किंमत नाही’. रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात नोंदवतो की नमुना म्हणून एक खोटा दिनार लोक अनेक खरे दिनार देऊन विकत घेत. एकोणिसाव्या शतकात प्लॅटिनम सोन्यापेक्षा स्वस्त होतं, म्हणून स्पेनच्या सोन्याच्या नाण्यांच्या नकला प्लॅटिनमवर सोनं चढवून केल्या गेल्या. निरोप मानणारा तीही फेकून देईल!

पण माझ्या लेखी धातूपेक्षा मोलाची आहे ती त्या नाण्याची वाटचाल. संग्राहकाला गंडवायला आज बनवलेली नक्कल वेगळी आणि बाजारात हातोहात चाललेलं खोटं नाणं वेगळं. दुसऱ्यावर वापराची झीज असते, कधी पारख्याने आतला धातू पाहायला घातलेला छिन्नीचा घाव असतो. अथेन्सच्या इसवीसनपूर्व ३७५–३७४च्या कायद्यानुसार बाजारातल्या सरकारी पारख्याने खोटं नाणं तिथेच कापायचं आणि ते देवमातेच्या नावे जमा व्हायचं. म्हणजे त्यांनीही ते फेकलं नाही.

एक सावधगिरी मात्र हवी: आज चालू असलेल्या चलनाचं बनावट नाणं जवळ ठेवणं अनेक देशांत गुन्हा आहे. ते पोलिसांकडे किंवा बँकेत द्या. मी बोलतोय ते चलनातून कधीच गेलेल्या नाण्यांबद्दल.

असं एखादं हाती आलं तर चकचकीत करू नका. वजन, व्यास, कुठे मिळालं ते लिहा. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा. वेगवेगळ्या ठिकाणच्या दोन नाण्यांवर एकाच जागी तोच ओरखडा, तेच तुटकं अक्षर दिसलं, तर ती बहुधा एकाच ठशातून निघालेली असतात. मग कुणा अज्ञात माणसाचा माल कुठवर पोचला होता, हे नकाशावर मांडता येतं.